मुळशीच्या वेशीवर फर्निचरचे महादुकान उभे राहील काय?

नव्या सदनिकेचा ताबा मिळाला, की हिंजवडी, माण, म्हाळुंगे, सूस किंवा बावधन परिसरातील अनेक कुटुंबे एखाद्या शनिवारी सकाळी द्रुतगती महामार्गाला लागतात. कपाट, पलंग, मुलांचे टेबल, स्वयंपाकघरातील मांडणी असे सारे एकाच छपराखाली पाहायचे, तर शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे नवी मुंबईतील तुर्भे गाठावे लागते. सायंकाळी परतताना गाडीच्या टपावर पुठ्ठ्याची चपटी खोकी बांधलेली असतात आणि घरातील प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो : एवढी मोठी लोकवस्ती असूनही असे दुकान आपल्याकडे का नाही?

हा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. पण तसा तो नाही. महादुकान कोठे उभे राहते, यावर जमिनीचे भाव, रस्त्यांवरील गर्दी, सुतार-मिस्त्रींची रोजंदारी आणि ग्रामपंचायतीचे उत्पन्न अवलंबून असते. त्यामुळे अशी दुकाने जागा कशी निवडतात, मध्यम आकाराच्या शहराला ती आपल्याकडे खेचता येतात का आणि या हिशेबात मुळशी तालुका कोठे बसतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

दुकान नव्हे, गोदामच

या व्यवसायातील सर्वांत परिचित नाव म्हणजे स्वीडनची ‘आयकिया’. इंगवार कांप्राद यांनी १९४३ मध्ये ही कंपनी स्थापन केली आणि १९५८ मध्ये एल्महुल्ट या लहानशा गावात पहिले मोठे दुकान उघडले. फर्निचर सुटे करून चपट्या खोक्यात भरायचे आणि त्याची जोडणी ग्राहकाने घरी करायची, ही पद्धत १९५६ च्या सुमारास रुजली. तयार टेबल वाहून नेताना गाडीत मालापेक्षा हवाच अधिक जाते. टेबलाचे पाय सुटे केले, की त्याच गाडीत कितीतरी अधिक नग मावतात. वाहतूक, साठवण आणि जोडणी या तिन्हींवरचा खर्च असा वाचतो आणि किंमत खाली येते.

मात्र या पद्धतीची एक अट आहे. माल दुकानातच मोठ्या प्रमाणावर साठवावा लागतो. म्हणून असे दुकान हे वस्तुतः दर्शनी दालन जोडलेले गोदामच असते. त्याला काही लाख चौरस फूट बांधकाम, शेकडो मोटारी उभ्या करण्याची सोय आणि अवजड वाहनांना वळता येईल असा रस्ता लागतो. हैदराबादच्या हायटेक सिटीजवळ ९ ऑगस्ट २०१८ रोजी उघडलेले भारतातील पहिले दुकान तेरा एकरांवर असून त्याचे बांधकाम सुमारे चार लाख चौरस फूट आहे. तेथे सुमारे साडेसात हजार वस्तू मांडण्यात आल्या आणि त्यांतील हजारभर वस्तूंची किंमत दोनशे रुपयांच्या आत ठेवण्यात आली. हजार आसनांचे उपाहारगृहही थाटण्यात आले.

दोनशे रुपयांच्या वस्तू आणि उपाहारगृह कशासाठी, असे कोणी विचारील. एक कुटुंब पलंग दहा-पंधरा वर्षांतून एकदा घेते. निव्वळ पलंग विकून एवढा डोलारा चालवायचा, तर प्रत्येक ग्राहक एकदा आला की दशकभर फिरकणार नाही. त्याला वर्षातून तीन-चार वेळा आणायचे असेल, तर उशीचे अभ्रे, ताटल्या, दिवे आणि दुपारचे जेवण यांचे निमित्त लागते. थोडक्यात, हे दुकान फर्निचरचे असले, तरी ते चालते वर्दळीवर. म्हणूनच जागा निवडताना वर्दळ किती होईल, हा पहिला प्रश्न असतो.

कायद्याची वाट

अशा विदेशी साखळी दुकानांना भारतात येण्यास उशीर झाला, त्याचे कारण बाजारपेठेपेक्षा कायद्यात अधिक होते. एकाच नाममुद्रेच्या किरकोळ व्यापारात २००६ मध्ये ५१ टक्के विदेशी गुंतवणुकीला मुभा मिळाली. जानेवारी २०१२ मध्ये ही मर्यादा १०० टक्क्यांवर नेण्यात आली. मात्र ५१ टक्क्यांपुढे जाणाऱ्यांना ३० टक्के माल देशातून खरेदी करण्याची अट घालण्यात आली. आयकियाने जून २०१२ मध्ये अर्ज केला, २५ दुकाने आणि १०,५०० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा प्रस्ताव मांडला आणि मे २०१३ मध्ये त्यावर केंद्राची अंतिम मोहोर उमटली. म्हणजे परवानगीनंतरही पहिले दुकान उघडण्यास पाच वर्षे लागली. हा काळ मुख्यतः जमीन मिळवण्यात, बांधकामात आणि पुरवठादारांची साखळी उभारण्यात गेला.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. दहा लाखांपेक्षा अधिक लोकसंख्येच्या शहरांतच विदेशी दुकाने येऊ शकतात, असे अनेकांना वाटते. ही अट २०१२ मध्ये अनेक नाममुद्रांच्या किरकोळ व्यापारासाठी घालण्यात आली होती. एकाच नाममुद्रेच्या दुकानांना लोकसंख्येची अशी वेस नाही. तेव्हा पौडमध्ये, पिरंगुटमध्ये किंवा राज्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी असे दुकान काढण्यास या धोरणाचा अडथळा नाही. आड येते ते अर्थशास्त्र.

वर्दळीचे गणित

ग्राहक कोणत्या शहराकडे वळतील, याचा एक जुना ठोकताळा अमेरिकी अभ्यासक विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये मांडला. गुरुत्वाकर्षणाप्रमाणेच शहराची ओढ त्याच्या लोकसंख्येबरोबर वाढते आणि अंतराच्या वर्गाने घटते, असे हे सूत्र सांगते. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख, तर पुणे नागरी समूहाची सुमारे ५० लाख होती. दोन्हींमधील अंतर दीडशे किलोमीटर धरले, तर या सूत्रानुसार दोन्ही शहरांच्या ओढीची सीमारेषा पुण्यापासून सुमारे ५२ किलोमीटरवर, म्हणजे कामशेत-मळवलीच्या आसपास पडते. त्या रेषेच्या अलीकडचा ग्राहक एरवी पुण्याचाच. तो आज घाट उतरून तुर्भ्याला जातो, कारण पुण्यात त्या प्रकारचे दुकान नाही.

कंपनीने आजवर मोठ्या दुकानांसाठी निवडलेली शहरे पाहिली, की या गणिताची दुसरी बाजू दिसते. हैदराबाद नागरी समूहाची लोकसंख्या २०११ मध्ये ७७ लाख, तर बंगळुरूची ८५ लाख होती. तुर्भ्याचे दुकान डिसेंबर २०२० मध्ये आणि बंगळुरूच्या नागसंद्रा येथील दुकान जून २०२२ मध्ये सुरू झाले. तिन्ही ठिकाणी तीन गोष्टी समान आहेत : माहिती-तंत्रज्ञान किंवा सेवा क्षेत्रातील मोठा पगारदार वर्ग, मोटार नसलेल्यांसाठी जवळ रेल्वे किंवा मेट्रोचे स्थानक आणि एकसंध मोठा भूखंड.

पण मोठे शहर हवेच, असेही नाही. स्वीडनच्या उत्तर टोकाला फिनलंडच्या सीमेवर हापारांडा नावाचे सुमारे दहा हजार वस्तीचे गाव आहे. तेथे नोव्हेंबर २००६ मध्ये आयकियाचे दुकान उघडले. गावाची वस्ती नगण्य होती. परंतु सीमेपलीकडचे फिनलंडमधील तोर्निओ हे जोडगाव आणि उत्तर नॉर्वेपर्यंतचा विरळ प्रदेश यांना शेकडो किलोमीटरच्या परिघात दुसरा पर्याय नव्हता. गावाचा आकार लहान असला, तरी त्याचे मोक्याचे स्थान मोठे असू शकते. नाशिक, कोल्हापूर, नागपूर या शहरांनी स्वतःची लोकसंख्या सांगण्याबरोबरच आपल्या परिघातील जिल्हे कोणते आणि त्यांना दुसरा पर्याय कोठे आहे, हे सांगणे म्हणूनच अधिक सयुक्तिक ठरेल.

मुळशीच्या पारड्यात काय?

२०११ मध्ये मुळशी तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ७१ हजार होती. एवढ्यावर महादुकान चालणार नाही, हे उघड आहे. पण या तालुक्याची पूर्व कड म्हणजे निव्वळ तालुका नव्हे. हिंजवडी आणि माण येथे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान आहे. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. द्रुतगती महामार्ग किवळ्याला संपतो आणि तेथून हिंजवडीचा फाटा हाकेच्या अंतरावर आहे. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. नव्या घरांची संख्या, पगारदार तरुण कुटुंबे, महामार्ग आणि मेट्रो ही दुकानदाराला हवी असलेली सारी लक्षणे येथे आढळतात.

दुसऱ्या पारड्यात मात्र तितकेच वजनदार अडथळे आहेत. पहिला अडथळा जमिनीचा. तेरा एकर म्हणजे ५२० गुंठे. मुळशीतील भातखाचरांचे सातबारे पाहिले, तर दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यावर आठ-आठ, दहा-दहा नावे आढळतात. काही अपवाद वगळता कुळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. डोंगरउताराच्या जमिनीवर बांधकामाला निर्बंध आहेत. तेलंगण सरकारने हैदराबादेत सलग भूखंड उपलब्ध करून दिला. येथे तो एक तर औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात शोधावा लागेल किंवा एखाद्या विकसकाने वर्षानुवर्षे जमवलेला असावा लागेल. शिवाय जमीन हा मुळशीत नाजूक विषय आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठीच होता आणि त्याची आठवण तालुक्यात पुसली गेलेली नाही.

दुसरा अडथळा रस्त्यांचा. चांदणी चौकातील नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला. पण भूगावच्या अरुंद रस्त्यावरील कोंडी हा स्वतंत्र विषय आहे. हिंजवडीत २०२५ च्या पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचले आणि वाहतुकीचा प्रश्न राज्यभर गाजला. शनिवार-रविवारी हजारो मोटारी खेचणारे दुकान याच रस्त्यांवर आले, तर काय होईल, याची कल्पना रहिवाशांना वेगळी करून देण्याची गरज नाही. हैदराबादेत पहिल्याच दिवशी सुमारे चाळीस हजार लोक लोटले आणि परिसरातील वाहतूक ठप्प झाली, अशा बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या होत्या.

तिसरा अडथळा नफ्याचा. देशात आयकियाची २०२३-२४ या आर्थिक वर्षातील विक्री सुमारे १,८०० कोटी रुपयांची होती आणि तोटा सुमारे १,३०० कोटींचा. भारतीय ग्राहक दुकान पाहायला येतो, जेवतो, ताटल्या घेतो. पण कपाट मात्र मिस्त्रीकडून भिंतीच्या मापाने करून घेतो, ही अडचण या आकड्यांमागे आहे. अशा स्थितीत प्रत्येक नव्या शहरात तेरा एकरांचा संसार मांडणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही.

पुण्याने आधी पाहिलेले प्रयोग

पुण्याला हा विषय नवा नाही. येरवड्यात विमानतळ रस्त्यावर दीपक फर्टिलायझर्स समूहाने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इशान्या’ हे केवळ गृहसजावटीला वाहिलेले संकुल उभारले. फरशीपासून पडद्यापर्यंत सारे एका जागी, ही त्यामागची कल्पना होती. भाजी-किराणा घ्यायला येणारी रोजची गर्दी मात्र अशा संकुलाला मिळत नाही. पुढे या संकुलाचे नाव बदलून ‘क्रिएटिसिटी’ झाले आणि फर्निचरला भोजन, करमणूक व अन्य उपक्रमांची जोड देण्यात आली. जी गोष्ट स्वीडिश दुकानदार उपाहारगृहातून साधतो, तीच गोष्ट पुण्यातील संकुलालाही साधावी लागली.

दुसरा धडा मुळशीच्याच डोंगरात आहे. लवासा या नियोजित शहराची जाहिरात मोठी झाली. परंतु पर्यावरण मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०१० मधील नोटिशीनंतर त्याचे काम रखडले आणि २०१८ मध्ये ते दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. आधी इमारती बांधा, मग माणसे येतील, हा क्रम डोंगरापलीकडे चालला नाही. किरकोळ व्यापार वस्तीच्या मागून येतो, वस्तीच्या पुढे धावत नाही. लवासाच्या बाजूला न जाता हिंजवडीच्या बाजूला दुकान येण्याची शक्यता अधिक का, याचे उत्तर यातच आहे.

दुकानाचे बदलते रूप

दरम्यान दुकानाची व्याख्याच बदलत चालली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने नियम शिथिल करून एकाच नाममुद्रेच्या कंपन्यांना प्रत्यक्ष दुकान उघडण्यापूर्वीही ऑनलाइन विक्रीची मुभा दिली. पुण्यातील ग्राहकांना २०२० पासून आयकियाचा माल घरपोच मिळू लागला आणि कंपनीने मालवितरणाचे केंद्रही पुणे परिसरातच उभारले. मुंबईत २०२१ आणि २०२२ मध्ये महादुकानाच्या जेमतेम पंचमांश किंवा त्याहूनही कमी जागेतील दुकाने उघडण्यात आली. दिल्लीत ऑगस्ट २०२५ मध्ये एका मॉलमध्ये उघडलेले दुकान सुमारे पंधरा हजार चौरस फुटांचे, म्हणजे हैदराबादच्या दुकानाच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढे आहे. ‘पेपरफ्राय’सारख्या देशी कंपन्यांनी तर ऑनलाइन विक्रीपासून सुरुवात करून नंतर लहान दालने थाटली. माल पाहायला छोटे दालन, साठवायला दूरचे गोदाम आणि पोहोचवायला गाडी, अशी ही विभागणी आहे.

मध्यम आकाराच्या शहरांच्या दृष्टीने हा बदल निर्णायक आहे. तेरा एकर देऊ न शकणारे शहरही पंधरा हजार चौरस फूट सहज देऊ शकते. तेव्हा ‘महादुकान येईल काय’ या प्रश्नाचे उत्तर अवघड असले, तरी ‘साखळी दुकान येईल काय’ याचे उत्तर बरेच सोपे होते.

मिस्त्रीचे काय?

या साऱ्या हिशेबात एक घटक बहुधा सुटतो. पुण्यातील फर्निचरचा व्यवसाय आजही मुख्यतः भवानी पेठेतील टिंबर मार्केटपासून उपनगरांतील प्लायवूडच्या दुकानांपर्यंत आणि तेथून घरोघरी काम करणाऱ्या सुतारांपर्यंत पसरलेला आहे. त्यांतील अनेक कारागीर राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. भिंत वाकडी असली, खांब मध्ये आला किंवा पाळण्यासाठी कडी हवी असली, तर चपट्या खोक्यातील कपाट उपयोगी पडत नाही. तेथे मिस्त्रीच लागतो. त्यामुळे साखळी दुकाने आली, की सुतार संपला, ही भीती अतिरंजित आहे. तयार सोफे, पलंग आणि टेबले विकणाऱ्या लहान दुकानदाराला मात्र झळ निश्चित बसेल.

लहान व्यावसायिकांची खरी दुर्बलता स्पर्धेत नसून जागेत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडी परिसरातील हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. त्यांत भंगार व्यावसायिकांप्रमाणेच गोदामे आणि लघुउद्योगही होते. कायद्याचे पालन झालेच पाहिजे. परंतु मोठ्या दुकानासाठी भूखंड, रस्ता आणि पाणी शोधणाऱ्या यंत्रणेने सुतारांच्या कार्यशाळांसाठी अधिकृत गाळे शोधले नाहीत, तर विकासाचा काटा एकाच बाजूला झुकलेला राहील.

ग्रामपंचायतींचा प्रश्नही असाच आहे. विक्रीवरील वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्याकडे जातो. ग्रामपंचायतीच्या पदरात प्रामुख्याने मालमत्ता कर पडतो. पुठ्ठ्याचा कचरा, सांडपाणी आणि रस्त्यावरची कोंडी मात्र गावाच्याच वाट्याला येते. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले, ते महापालिकांच्या हद्दीबाहेरील अशा वाढीला शिस्त लावण्यासाठीच. मोठ्या दुकानाला परवानगी देताना वाहतुकीच्या परिणामाचा अभ्यास, स्वतंत्र पोहोच-रस्ता, स्थानिक तरुणांना जोडणी व दुरुस्तीच्या कामाचे प्रशिक्षण आणि स्थानिक पुरवठादारांकडून खरेदी या अटी आधीच घालणे शक्य आहे. दुकान उघडल्यावर त्या घालता येत नाहीत.

एकूण पाहता, पुण्याच्या पश्चिम कडेला फर्निचरचे मोठे साखळी दुकान येण्याजोगी बाजारपेठ आहे, याविषयी फारशी शंका नाही. येथे उणीव आहे ती सलग जमिनीची आणि वाहत्या रस्त्याची. त्यांतील जमिनीची उणीव लहान दालनांनी काही अंशी भरून निघेल. रस्त्याची मात्र कोणतीही कंपनी भरून देणार नाही. रस्ता आधी आणि दुकान नंतर, हा क्रम पाळला गेला, तर तुर्भ्याची फेरी वाचलेल्या ग्राहकाइतकाच मुळशीचा रहिवासीही समाधानी राहील. क्रम उलटला, तर आज घाटात होणारी खोळंब्याची शिक्षा त्याला उद्या आपल्याच दारात भोगावी लागेल.